कडू मुळाचे नाव

पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने गुळाबरोबर खाण्याची आपली जुनी रीत आहे. आपल्या पूर्वजांनी त्या झाडाची चव त्याच्या नावातच सांगून ठेवली. अमेरिकेतही अशीच एक कडू वनस्पती आहे. तिच्या नावाची हकिकत आपण सर्वांनी विचारात घेण्याजोगी आहे.

मॉन्टाना राज्यातील खडकाळ जमिनीत ही लहानशी गुलाबी फुलांची वनस्पती उगवते. तेथील मूळ रहिवासी सेलिश लोक तिला 'स्पेटलम' म्हणतात. फुले उमलण्यापूर्वी ते तिची मुळे खणतात, साल सोलतात आणि वाळवून हिवाळ्यासाठी ठेवतात. उपाशी मुलांसाठी रडणाऱ्या एका म्हाताऱ्या आईच्या आसवांतून ती उगवली, म्हणून ती कडू, अशी त्यांची कथा आहे.

फ्रेंच व्यापाऱ्यांनी तिला 'रासीन आमेर', म्हणजे कडू मूळ, म्हटले. इंग्रजीत त्याचेच 'बिटररूट' झाले. हेच नाव तेथील खोऱ्याला, नदीला आणि डोंगरांनाही मिळाले. १८०५ मध्ये प्रवासी मेरिवेदर लुईस यांनी ते मूळ चाखले. त्यांना ते मुळीच आवडले नाही. १८०६ मध्ये त्यांनी नेलेली वाळकी मुळे पुढे फिलाडेल्फियात लावताच पुन्हा फुटली. म्हणून शास्त्रज्ञांनी तिचे नाव 'लुइसिया रेडिव्हिवा' ठेवले. यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'पुन्हा जिवंत झालेली'. १८९५ मध्ये ती मॉन्टानाचे राज्यपुष्प झाली.

परंतु त्याआधी चारच वर्षे, १८९१ मध्ये, सरदार शार्लो आणि त्यांच्या सेलिश लोकांना ते खोरे सोडून फ्लॅटहेडच्या राखीव प्रदेशात जावे लागले. कडू मुळाचे नाव खोऱ्याला राहिले आणि ती मुळे खाणारी माणसे गेली. तरीही 'स्पेटलम' हा शब्द मेला नाही. आजही वसंतात लहानथोर माळावर जमतात, प्रार्थना होते, पहिले मूळ खणले जाते, आणि मग इतरांनी खणायचे. मुलांच्या कानी तो शब्द पडतो तो हातात माती असताना.

नकाशावरचे नाव कोणी उच्चारले नाही तरी टिकते. घरातले नाव मात्र वापरावेच लागते. आपल्याकडेच पाहा. क्रियोलमध्ये 'मारगोझ' म्हणजे कारले, तर इंग्रजी पुस्तकांतले 'मार्गोसा' म्हणजे आपला कडुनिंब. दोन्ही शब्द 'कडू' या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दापासून आलेले. ज्या मुलाला 'कारले' आणि 'कडुनिंब' हे शब्दच ठाऊक नाहीत, त्याला आजीने सांगितलेला उपाय कसा कळावा?

म्हणून येत्या पाडव्याला कडुनिंबाचा डहाळा गुढीला बांधून थांबू नये. दोन पाने मुलांच्या तळहातावर ठेवावीत, नाव मराठीत सांगावे आणि त्यांच्याकडून म्हणवून घ्यावे. तोंड क्षणभर कडू होईल, पण शब्द जन्मभर राहील.