नागासाकीचा हुकूम कुणी दिला?

हिरोशिमाचा विषय निघाला की सगळे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष ट्रुमनच्या 'कठीण निर्णया'पाशी येऊन थांबतात. माझा संताप नागासाकीपाशी सुरू होतो, कारण नागासाकीचा वेगळा निर्णय झालाच नाही. 25 जुलै 1945 च्या लष्करी आदेशात चार शहरांची नावं होती आणि पुढे लिहिलं होतं की यानंतरचे बॉम्ब तयार होतील तसे टाकावेत. तेवढ्या ओळीवर 9 ऑगस्टला नागासाकी जळलं. राष्ट्राध्यक्षांना पुन्हा विचारावं असं कुणाला वाटलं नाही. त्या सकाळचं पहिलं लक्ष्य तर कोकुरा होतं. तिथं ढग आणि धूर आडवे आले म्हणून विमान वळलं. वर्षअखेरपर्यंत सत्तर हजारांच्या आसपास माणसं मेली. 10 ऑगस्टला ट्रुमननं बजावलं, माझ्या स्पष्ट आज्ञेशिवाय पुढचा बॉम्ब पडता कामा नये. म्हणजे हात आवरता येत होता. दोन दिवस आधीही आवरता आला असता. या माणसाला इतिहासाच्या ओझ्याखाली वाकलेला नेता समजून मी कीव करणार नाही.

असाच एक कागद आपल्याही सरकारजवळ आहे. 4 जानेवारी 2003 रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीनं अण्वस्त्र धोरण जाहीर केलं. आपण पहिला वार करणार नाही, हे त्यातलं शहाणपण. पण भारतावर किंवा कुठंही असलेल्या भारतीय सैन्यावर अण्वस्त्र पडलं, तर प्रत्युत्तर प्रचंड असेल आणि शत्रूला सोसवणार नाही इतकी हानी करेल, असंही त्यात आहे. पाकिस्ताननं 2011 मध्ये नस्र या आखूड पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची चाचणी केली. समजा, त्यातलं एक वाळवंटात आपल्या रणगाड्यांवर पडलं. कागदाप्रमाणे उत्तर काय? लाहोर? तिथं कोटीभर माणसं राहतात, शाळेत जाणारी पोरं राहतात, त्यांतल्या कुणीही तो गोळा डागलेला नसेल.

हे प्रश्न विचारायला इथं कधी बंदी नव्हती. इंदूरशेजारच्या महूत, कॉलेज ऑफ कॉम्बॅटचे प्रमुख असताना के. सुंदरजींनी 1981 मध्ये अण्वस्त्रांवर अधिकाऱ्यांची मतं पत्रानं मागवून ती छापली. पुढे लष्करप्रमुख झालेल्या या माणसाचे सगळेच निष्कर्ष मला पटत नाहीत. पण एक सैनिक उघड विचार करत होता.

आणि राज्यकर्ते? मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, 2016 मध्ये, पहिला वार न करण्याच्या बंधनात स्वतःला का अडकवायचं असं बोलून गेले, मग ते वैयक्तिक मत ठरलं. अशा खुर्चीवरच्या माणसाला या विषयात वैयक्तिक मत नसतं. 2019 मध्ये बाडमेरच्या प्रचारसभेत पंतप्रधानांनी विचारलं, आमची अण्वस्त्रं काय दिवाळीसाठी ठेवली आहेत? लाखोंच्या मरणाचा विषय मतं मागायला वापरला गेला, याची मला लाज वाटते. 1998 च्या अणुचाचण्या तर बुद्धपौर्णिमेला सुरू झाल्या. ज्या महूत बाबासाहेब जन्मले, तिच्या शेजारी राहून मला ते सहन होत नाही.

पाकिस्तान तर पहिल्या वाराची धमकी देतो, असं मला नेहमी ऐकवलं जातं. देतो, आणि ते नीचपणाचं आहे. म्हणून आपण आपलं उत्तर आधीच ठरवून त्याला कुलूप घालायचं? नेता निवडतो तो त्या घडीला विचार करण्यासाठी. सूडानं आपलं जळालेलं शहर परत उभं राहत नाही, दुसरं तेवढं जळतं.

मे 2025 मध्ये इंदुरातही सरावासाठी सायरन वाजले, दिवे मालवले गेले. लोकांनी निमूट मालवले. ज्यांना दिवे मालवायला सांगता, त्यांना हे उत्तर मान्य आहे का, तेही विचारा. पुढच्या निवडणुकीत इथं मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारणार आहे: रणगाड्यांवर पडलेल्या एका बॉम्बसाठी लाहोर जाळायला तुमची संमती आहे का? हो की नाही, ते संसदेत उभं राहून सांगा, कामकाजाच्या नोंदीत तुमच्या नावासह.