रबरी टोपी आणि डग्ग्याचा घुमारा

काय दोस्तांनो, इअरफोन घ्यायचेत? बाबा म्हणतात, "पाचशेच्या वर एक रुपयाही नाही!" आणि दुकानात तर खोक्यांची रांगच टांगलेली. ज्याच्या त्याच्यावर 'सुपर बास'! निवडायचं कसं?

आधी खोक्यावरचे आकडे पाहू. '२० ते २०,००० हर्ट्झ' हे जवळजवळ सगळ्यांवर छापलेलं असतं. माणसाच्या कानाला साधारण एवढ्याच टप्प्यातले आवाज ऐकू येतात. त्यामुळे या आकड्यावरून चांगलं-वाईट कळत नाही. 'मोठा ड्रायव्हर' याचंही तसंच. ड्रायव्हर म्हणजे चुंबक, तारेचं वेटोळं आणि एक पातळ पडदा. वेटोळ्यातून वीज वाहिली की पडदा थरथरतो आणि आवाज होतो. तो केवढा आहे, यापेक्षा कसा बनवलाय हे महत्त्वाचं.

मग पाहायचं काय? पहिलं म्हणजे, वायरचे घ्यायचे की बिनवायरचे? बिनवायरच्या जोडीत तुमच्या पाचशेतले काही रुपये बॅटरीवर, काही ब्लूटूथवर आणि काही चार्जिंगच्या डबीवर जातात. म्हणून कमी पैशांत चांगला आवाज हवा असेल, तर वायरचे बरे. फक्त आपल्या फोनला गोल पिन लागते की टाइप-सी, ते घरूनच बघून जा.

दुसरी गोष्ट दिसायला छोटी, पण फार कामाची. इअरफोनच्या टोकाची रबरी टोपी! लहान, मध्यम, मोठी अशा तीन मापांच्या टोप्या खोक्यात आहेत ना, हे विचारून घ्या. टोपी कानात घट्ट बसली की आतली हवा कोंडली जाते आणि इवल्याशा पडद्यालाही खर्जाचे आवाज नीट उमटवता येतात. फट राहिली तर खर्ज तिथूनच निसटतो. उरतो पत्र्याच्या डब्यासारखा आवाज!

करून पाहा. तबला असलेलं ओळखीचं गाणं लावा. डग्ग्याचा घुमारा ऐका. आता इअरफोन बोटाने अगदी हलकेच दाबा. घुमारा एकदम वाढला? मग टोपी सैल आहे, मोठी लावा. कान दुखतोय? लहान लावा. दोन कानांना दोन मापं लागली तरी नवल नाही.

घट्ट टोपीचा आणखी एक फायदा. बाहेरचा गोंगाट कमी झाला की व्हॉल्यूम वाढवावा लागत नाही. आपल्या प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या, की पुन्हा येत नाहीत. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मुलांसाठी मर्यादा सुचवली : ७५ डेसिबल, तीही आठवड्याला ४० तासच. सोपा नियम लक्षात ठेवा. व्हॉल्यूमची पट्टी निम्म्याच्या फार वर न्यायची नाही. आई शेजारून बोलली आणि ऐकूच आलं नाही, तर आवाज कमी करा!

आणि हो, सायकलवर किंवा रस्ता ओलांडताना इअरफोन खिशात. मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू यायलाच हवा.

आई-बाबा, तुम्हीही ऐका. नवी जोडी आणण्याआधी घरातल्या जुन्या इअरफोनची टोपी बदलून बघा. कदाचित पाचशे रुपये वाचतील!