विश्लेषण : होमरूल कायदा झाला, तरी आयर्लंडची फाळणी का टळली नाही?

उत्तर आयर्लंडच्या फर्स्ट मिनिस्टरपदी फेब्रुवारी २०२४ मध्ये शिन फेनच्या मिशेल ओनील आल्या. आयर्लंडचे एकीकरण हवे असलेल्या पक्षाला हे पद प्रथमच मिळाले आणि सार्वमताची चर्चा पुन्हा सुरू झाली. पण मुळात हे सहा परगणे वेगळे पडले कसे?

मागणी काय होती?

१८०१ मध्ये आयर्लंड ब्रिटनशी जोडले गेले, डब्लिनची संसद संपली. होमरूल म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. साम्राज्यात राहूनच घरचा कारभार आपल्या कायदेमंडळाकडे, इतकीच माफक मागणी. ग्लॅडस्टन यांचे १८८६चे विधेयक कॉमन्समध्येच ३० मतांनी पडले. १८९३चे तेथे तरले, पण लॉर्ड्सनी ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळले. १९११ मध्ये लॉर्ड्सचा नकाराधिकार गेला. मग १८ सप्टेंबर १९१४ रोजी तिसऱ्या विधेयकाचा कायदा झाला आणि महायुद्धामुळे त्याच दिवशी स्थगितही! तोवर प्रोटेस्टंटबहुल अल्स्टरमध्ये होमरूलविरोधकांनी हजारो रायफली चोरून उतरवल्या होत्या.

चित्र कशाने पालटले?

२४ एप्रिल १९१६ रोजी डब्लिनमध्ये उठाव झाला. सहा दिवसांत तो मोडला. त्याला फारसा जनाधारही नव्हता. पण मे महिन्यात सरकारने १५ जणांना गोळ्या घातल्या आणि जनमत फिरले. बंडापेक्षा ही शिक्षाच ब्रिटनला महाग पडली. १९१८च्या निवडणुकीत १०५ पैकी ७३ जागा शिन फेनला मिळाल्या. होमरूलवाले जवळपास पुसले गेले. आता मागणी थेट प्रजासत्ताकाची होती.

(उठाव सुरू असतानाच, २८ एप्रिल १९१६ रोजी, टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापली. शब्द आयर्लंडचाच, मार्ग मात्र सनदशीर.)

मग फाळणी?

१९२०च्या कायद्याने सहा परगण्यांसाठी बेलफास्टला वेगळे कायदेमंडळ दिले. म्हणजे ज्यांनी होमरूलला कडाडून विरोध केला, त्यांच्याच पदरात ते पडले. उरलेल्या २६ परगण्यांना डिसेंबर १९२१च्या करारानंतर ‘फ्री स्टेट’चा दर्जा मिळाला, त्या करारावरूनच तेथे यादवी पेटली.

आता पुढे काय?

२०२१च्या जनगणनेत उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक पार्श्वभूमीचे ४५.७ टक्के, तर प्रोटेस्टंट व अन्य ख्रिस्ती पार्श्वभूमीचे ४३.५ टक्के लोक नोंदले गेले. मात्र प्रत्येक कॅथलिक एकीकरणालाच मत देईल, हे गणित चुकीचे आहे. १९९८च्या करारानुसार बहुमत एकीकरणाकडे झुकण्याची शक्यता दिसली, तर ब्रिटिश मंत्र्याने सार्वमत घ्यायचे आहे. ती शक्यता कशी मोजायची, हे करारात लिहिलेले नाही.