ले मान्सचे २४ तास आणि आपल्या टाकीतलं ई२०: मोजायचं काय, लिटर की एनर्जी?

१५ जून २०२५. फ्रान्समधल्या ले मान्स शहरात एक पिवळी फेरारी, नंबर ८३, सलग २४ तास पळून पहिली आली. रॉबर्ट कुबित्सा, यिफेई ये आणि फिल हॅन्सन या तिघांनी ती आळीपाळीने चालवली. एकूण ३८७ लॅप, म्हणजे सव्वापाच हजार किलोमीटरपेक्षा जास्त. आणि दुसऱ्या आलेल्या पोर्शेशी फरक किती? फक्त १४ सेकंद.

फेरारीचा हा सलग तिसरा विजय, त्यामुळे बातमी सगळीकडे आली. पण या गाड्यांच्या टाकीत काय होतं, यावर फारसं कुणी बोललं नाही. २०२२ पासून ले मान्सला जे इंधन वापरतात, त्यात खनिज तेल नसतं. वाइन तयार झाल्यावर उरलेला द्राक्षाचा चोथा आणि गाळ, त्यापासून काढलेलं इथेनॉल हा त्याचा मुख्य आधार आहे.

त्यानंतर दोनच महिन्यांत आपल्याकडे ई२० पेट्रोलवरून वाद पेटला. "मायलेज पडलं", "पाइप खराब झाला", "सगळ्या अफवा आहेत" असे मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरले असतील. शिरूर आणि दौंड तालुक्यांत तर हा वाद एकाच घरात होऊ शकतो. शेतात ऊस उभा असतो आणि दारात दहा वर्षं जुनी बाईक. इथेनॉल वाढलं तर उसाला बरं, पण बाईकचं काय?

याचं उत्तर शोधायला ले मान्सचा इतिहास कामाला येतो. कारण इंधन बदललं की काय काय बदलावं लागतं, हे या शर्यतीत अनेकदा करून बघितलेलं आहे.

मुळात ही शर्यत आहे काय?

आपल्याकडे घाटात बैलगाडा पळतो तेव्हा निकाल सेकंदांत लागतो. ले मान्स याच्या बरोबर उलट. इथे प्रश्न "कोण जोरात पळतो" एवढाच नाही, "कोण २४ तास टिकतो" हा आहे. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर ही २४ तासांची लोड टेस्ट आहे.

पहिली शर्यत २६-२७ मे १९२३ ला झाली. ऑटोमोबाइल क्लब द लुएस्त या संस्थेने ती भरवली, आजही तीच भरवते. तेव्हाचा एक लॅप १७ किमीपेक्षा थोडा जास्त होता, म्हणजे जवळपास शिरूर ते रांजणगाव एवढा. रस्ताही खास शर्यतीचा नव्हता, गावागावांना जोडणारा साधाच. आंद्रे लागाश आणि रने लेओनार यांनी शेनार्ड-वॉकर गाडीतून १२८ लॅप मारून सर्वांत जास्त अंतर कापलं, साधारण २,२०० किमी. सरासरी वेग ताशी ९२ किमी.

आज लॅप १३.६२६ किमीचा आहे. ट्रॅकचा मोठा भाग अजूनही सार्वजनिक रस्ता आहे. वर्षभर त्यावरून लोकांच्या गाड्या जातात आणि शर्यतीपुरता तो बंद करतात.

हेडलाइटपासून डिस्क ब्रेकपर्यंत

ही शर्यत सुरू करण्यामागे व्यवहार होता. १९२३ मध्ये गाड्यांचे दिवे आणि बाकी विजेची सामग्री भरवशाची नव्हती. रात्रभर गाडी पळवली की कच्चे दुवे आपोआप उघडे पडतात. म्हणून २४ तास.

पुढे हे वारंवार घडलं. १९५३ मध्ये जॅग्वार डिस्क ब्रेक लावलेली सी-टाइप घेऊन आली आणि जिंकली. बाकीच्यांचे ड्रम ब्रेक तापून ढिले पडत होते, जॅग्वार मात्र वळणाच्या अगदी जवळ जाऊन ब्रेक मारू शकत होती. आज आपल्या बाईकच्या पुढच्या चाकालाही डिस्क असते. आणि तीच जॅग्वार कंपनी २००८ पासून टाटांची आहे.

या प्रयोगशाळेची किंमत माणसांनीही मोजली आहे. १९५५ मध्ये पिएर लेवेघची मर्सिडीज उडून प्रेक्षकांत घुसली आणि ८० पेक्षा जास्त लोक गेले. त्यानंतर ट्रॅक, पिट आणि प्रेक्षकांची जागा यांचा नव्याने विचार करावा लागला.

टिकणं किती अवघड आहे, हे २०१६ ला दिसलं. टोयोटा पहिली होती आणि शेवटची काही मिनिटं उरली होती. तेवढ्यात टर्बो आणि इंटरकूलर यांच्यामधली एक जोडणी निकामी झाली, गाडीची ताकद गेली आणि ती चक्क फिनिश लाइनपाशी थांबली. पोर्शे जिंकली. २०२५ मध्येही ५० नंबरच्या फेरारीला शर्यतीनंतर बाद केलं, कारण मागच्या विंगच्या आधाराचे बोल्ट गायब होते आणि विंग नियमापेक्षा जास्त वाकत होती.

आपल्या भागाशी नातं सांगायचं तर रांजणगाव एमआयडीसीत फियाट आणि टाटा यांचा संयुक्त कारखाना आहे, जीप कंपास तिथेच बनते. जीप आणि प्यूजो हे एकाच स्टेलांटिस ग्रुपचे ब्रँड, आणि प्यूजोची ९एक्स८ सध्या ले मान्सला पळते. भारतीय ड्रायव्हरांपैकी करुण चंदोक २०१२ ला इथे धावला आणि त्याची गाडी सहावी आली.

इंधनाचा हिशोब: लिटर ते मेगाज्यूल

आता मुख्य मुद्दा.

१९८२ मध्ये ग्रुप सी नावाचे नियम आले. इंजिन केवढंही घ्या, पण इंधन मोजून मिळणार: १,००० किमीला ६०० लिटर. म्हणजे लिटरला पावणेदोन किमीसुद्धा नाही! आपल्याला हसू येईल, पण रेसिंग गाडीसाठी हा काटकसरीचा आकडा होता. इंजिनिअर ताकदीबरोबर मायलेजचाही विचार करायला लागले.

पण लिटर मोजण्यात एक अडचण आहे. सगळ्या इंधनांचा लिटर सारखा नसतो. डिझेलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा जास्त एनर्जी असते. २००६ मध्ये ऑडी आर१० ही डिझेल गाडी जिंकली. २०१२ मध्ये ऑडीचीच हायब्रिड जिंकली. मग डिझेल, पेट्रोल आणि हायब्रिड यांना एका तराजूत तोलायचं कसं?

२०१४ च्या नियमांत याचं उत्तर आलं: लिटर नाही, एनर्जी मोजा. एका लॅपला इतके मेगाज्यूल, त्यापुढे नाही. आजच्या हायपरकार वर्गातही दोन पिट स्टॉपच्या मध्ये किती मेगाज्यूल वापरायचे याची मर्यादा असते आणि ते सेन्सरने मोजतात.

इथेनॉलचा प्रयोगही इथे जुना आहे. २००३ मध्ये नासामॅक्स नावाची ब्रिटिश टीम बायोइथेनॉलवर चालणारी गाडी घेऊन उतरली आणि २००४ मध्ये त्यांच्या गाडीने २४ तास पूर्ण केले. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल एनर्जी असते, इथेनॉलच्या लिटरमध्ये साधारण २१. म्हणजे तेवढंच अंतर जायला जास्त लिटर लागणार. म्हणून या गाडीला मोठी टाकी वापरायची मुभा द्यावी लागली. कुणी "इथेनॉलने काही फरक पडत नाही" असं म्हटलं नाही. फरक पडतो हे मान्य केलं आणि नियम त्याप्रमाणे जुळवले.

आता आपल्या पंपावर या

भारताने २०३० साठी ठरवलेलं २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य पाच वर्षं आधी, २०२५ मध्येच गाठलं. वरचेच आकडे घेऊन गणित करू:

- शुद्ध पेट्रोल: लिटरला साधारण ३२ मेगाज्यूल
- ई१०: साधारण ३१
- ई२०: साधारण ३०

म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० च्या लिटरमध्ये सुमारे ७ टक्के एनर्जी कमी, ई१० च्या तुलनेत साडेतीन टक्के. पण मायलेज तेवढंच पडेल असं नाही. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो आणि त्यासाठी ट्यून केलेलं इंजिन थोडी भरपाई करतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने ई२० साठी जुळवलेल्या चारचाकींसाठी १ ते २ टक्के आणि बाकीच्यांसाठी ३ ते ६ टक्के असा आकडा दिला.

रुपयांत बघा. महिन्याला १,२०० किमी फिरणारी बाईक ६० चं मायलेज देत असेल, तर २० लिटर लागतात. ३ ते ४ टक्के घट धरली तर पाऊण लिटरच्या आसपास जास्त. १०५ रुपये लिटर धरून महिन्याला ६५ ते ८५ रुपये. "मायलेज निम्मं झालं" म्हणणारा व्हिडिओ अतिशयोक्ती करतोय. पण "काहीच फरक नाही" हेही खरं नाही.

दुसरा प्रश्न इंजिनाचा. इंधन नीट जळायला हवा किती लागते, हे इंधनावर ठरतं. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, इथेनॉलला ९. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि ईसीयू इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या बाईकला सेन्सर नाही, तिचा जेट ठरलेला. त्यामुळे मिश्रणात हवा जास्त पडते आणि इंजिन गरम चालू शकतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं आणि काही जुन्या प्रकारच्या रबरांना फुगवतं. ई२० सोसतील असे पार्ट असलेल्या गाड्या आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून आल्या. त्याआधीच्या कोट्यवधी गाड्या रस्त्यावर आहेतच.

फोनशी तुलना करा. नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली की कंपनी कोणत्या मॉडेलला ती चालेल ते सांगते, जुन्या फोनला सक्ती करत नाही. इथे अपडेट सगळ्यांना एकदमच आलं आणि परत जुन्यावर जायचं बटण नाही.

मग ऊसवाल्याचा तरी फायदा झाला का?

पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा, दोन्ही कारखान्यांचे अडचणीचे हंगाम इथल्या सभासदांनी बघितलेत. साखरेचा भाव पडला तरी इथेनॉलमधून लवकर पैसा येतो आणि ऊसबिल निघतं, हा युक्तिवाद चुकीचा नाही. तेलाच्या आयातीवरचा खर्च कमी होतो, हेही खरं.

पण आकडे बघा. २०२२-२३ ला उसाची एफआरपी क्विंटलला ३०५ रुपये होती, २०२४-२५ ला ३४०. याच काळात उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा दर ६५.६१ रुपये लिटर आणि बी-हेवी मळीपासूनच्या इथेनॉलचा ६०.७३ रुपये, दोन्ही जागच्या जागी. त्यात डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आणले, ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठवले. आणि आता देशातल्या इथेनॉलमध्ये मक्यासारख्या धान्याचा वाटा उसापेक्षा मोठा झालाय. म्हणजे "ई२० ला विरोध म्हणजे शेतकऱ्याला विरोध" हे समीकरण सरळ नाही. ऊसवाल्याला स्थिर धोरण आणि खर्चाशी जोडलेला दर हवा आहे, आणि मिश्रणाची टक्केवारी वाढल्याने तो आपोआप मिळत नाही.

ले मान्सकडून घेण्यासारखं काय?

२०२२ च्या नव्या इंधनाची घोषणा ऑगस्ट २०२१ मध्ये झाली होती. टीम्सना माहीत होतं काय येतंय आणि कधी. इंजिनाचं मॅपिंग बदलायला, टेस्ट करायला वेळ मिळाला. आपल्याकडचा बदल कितीतरी मोठा आहे, हे मान्य. मोजक्या टीम्स कुठे आणि कोट्यवधी वाहनं कुठे. पण दोन गोष्टी आपल्यालाही जमण्यासारख्या आहेत.

एक, एनर्जीप्रमाणे किंमत. नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात म्हटलं होतं की इथेनॉलमिश्रित इंधनात एनर्जी कमी असल्यामुळे त्याचा दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी हवा. आता सरकार म्हणतं की इथेनॉलच महाग पडतंय. असेलही. पण मग कमी एनर्जीचा लिटर त्याच दरात घेणाऱ्याला तो फरक पंपावर लिहून तरी दिसला पाहिजे.

दोन, जुन्या गाड्यांसाठी काही वर्षं ई१० चा पर्याय. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला ई२० विरोधातली याचिका फेटाळली, त्यामुळे कोर्टातून हे होईल असं दिसत नाही. धोरणातूनच व्हावं लागेल.

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

- पेट्रोलच्या झाकणाजवळचं स्टिकर किंवा मॅन्युअल बघा. ई२० लिहिलंय का?
- जुनी बाईक महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल पडू देऊ नका.
- सर्व्हिसिंगला फ्युएल पाइप, सील आणि फिल्टर मुद्दाम तपासायला सांगा.
- मायलेज अंदाजाने ठरवू नका. टाकी फुल ते टाकी फुल असं तीन वेळा मोजा, फोनमध्ये लिहून ठेवा. व्हायरल व्हिडिओपेक्षा तुमच्या गाडीचा हा आकडा जास्त खरा.