मध्यवयातील जोडीदारशोध आणि स्त्रीचे स्वत्व

चाळिशी-पन्नाशीतील विधवा, घटस्फोटित किंवा अविवाहित स्त्री जोडीदार शोधू लागली की तिच्यावर तीन आक्षेप येतात: हे वय शोभत नाही, या वयात पडते घ्यावेच लागते, आणि मुलांच्या हक्काला बाध येतो. तिन्ही आक्षेप तपासणीत टिकत नाहीत.

पन्नाशीच्या विधुराला नातेवाईकच स्थळे सुचवतात. त्याच वयाच्या विधवेला नातवंडांत रमायला सांगतात. म्हणजे वयाची अट फक्त स्त्रीला लागू होते. हा दुजाभाव ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ या १८८२ च्या निबंधात उघडा पाडला होता. विधवाविवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता दिली. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये बालविधवा गोदूबाईंशी विवाह केला आणि त्यापायी मुरूड गावच्या लोकांचा बहिष्कार सोसला. त्या चळवळीचा भर तरुण विधवांवर होता. प्रौढ स्त्रीच्या सोबतीचा हक्क मात्र आजही तिलाच मांडावा लागतो.

पडते घ्यायचे म्हणून वय कमी सांगावे, घटस्फोटाचा विषय टाळावा, कमाईविषयी बोलू नये, असा सल्ला घरातून आणि विवाहमंडळांतूनही मिळतो. तो घातक आहे. झाकून मिळवलेला होकार पुढे रोज झाकतच सांभाळावा लागतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून मिळवलेली संमती विवाह रद्द होण्याचे कारणही ठरू शकते.

मुलांच्या हक्काची भीती अज्ञानातून येते. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या मिळकतीत पत्नी, मुले आणि त्याची आई यांना समान वाटे मिळतात. मुलांचा वाटा आईच्या पुनर्विवाहाने घटत नाही. पत्नीचा वाटा तिच्या पूर्ण मालकीचा असतो. तो पुढे कोणाला द्यायचा हे ती मृत्युपत्राने ठरवू शकते. खरी अडचण कुटुंब निवृत्तिवेतनाची आहे. पुनर्विवाहानंतर ते सहसा बंद होते, म्हणून नियम आधी पाहावेत. विवाहाऐवजी सहजीवन निवडणाऱ्या स्त्रीला विवाहसदृश नात्यात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण मिळते.

आत्मविश्वास येतो तो आपल्या अटी स्वतःला पक्क्या ठाऊक असल्याने. मुलांची आणि आईवडिलांची जबाबदारी, नोकरी, राहायचे घर, प्रकृती, रजोनिवृत्तीनंतरच्या शरीरसंबंधांविषयीची इच्छा, लग्न हवे की सहजीवन, हे सारे पहिल्या काही भेटींतच बोलावे. ते ऐकून जो मागे फिरेल, तो पुढच्या अडचणीतही टिकला नसता. अशा नकाराने स्त्रीची किंमत कमी होत नाही. समोरच्यालाही तिने तितकेच स्पष्ट विचारावे आणि सावधही राहावे: घटस्फोटाचा हुकूमनामा पाहावा, पहिली भेट वर्दळीच्या जागी घ्यावी, पैशांची मागणी येताच ओळख थांबवावी. एकटेपणाच्या भीतीने दिलेल्या होकारापेक्षा विचारपूर्वक स्वीकारलेले एकटेपण अधिक सन्मानाचे असते. आणि ही जाणीव असलेली स्त्रीच जोडीदाराची निवड मोकळेपणाने करू शकते.