गिटार, ज्वारी आणि पारवे

दुकान बंद केल्यावर व्यापारी घरातील तरुणाने कोठे जावे, याविषयी आपल्या समाजाच्या कल्पना बऱ्याच ठरलेल्या आहेत. मंदिर, वसुली, एखाद्याचे लग्नकार्य, नाहीतर सरळ घर. पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाचा व्यापार करणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांचा धाकटा मुलगा मात्र महिन्यातून दोनदा सूर्यास्तापूर्वी जेवण उरकतो आणि पाठीवर गिटार अडकवून बाहेर पडतो. चौघा मित्रांचा त्यांचा ‘बँड’ आहे आणि ते ‘ब्लूज’ नावाचे संगीत वाजवतात. त्यांच्या भाषेत अशा कार्यक्रमाला ‘गिग’ म्हणतात. बिदागी एवढीच की पेट्रोल आणि गिटारीच्या तारा यांचा खर्च निघावा. वडिलांची तक्रार पैशांबद्दल नाही. हे कार्यक्रम जेथे होतात तेथे बहुधा मद्य असते, हा त्यांचा आक्षेप आहे. आणि तो मला रास्त वाटतो.

संगीताविषयी मात्र मी मुलाच्या बाजूचा आहे. ब्लूज म्हणजे धांगडधिंगा हा समज चुकीचा आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः मिसिसिपीच्या कापूस पिकवणाऱ्या प्रदेशात, गुलामीतून सुटलेल्या परंतु दारिद्र्यातून न सुटलेल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांनी हे गाणे घडवले. पुढे ही माणसे कामाच्या शोधात शिकागोसारख्या शहरांत गेली, तेव्हा गाण्याबरोबर विजेवर वाजणारी गिटार आली. त्याची नेहमीची बांधणी साधी आहे. चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचा एक फेरा. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. गायक कोमल आणि शुद्ध गंधार यांच्या मध्ये कोठेतरी स्वर धरतो. त्या जागी जी कळ उमटते ती आपल्या कानांना परकी वाटत नाही. मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून या संगीताचा मोठा महोत्सव भरू लागला आणि शिकागोचे बडी गाय यांच्यासारखे ज्येष्ठ वादक तेथे वाजवून गेले. शिलाँगच्या ‘सोलमेट’ या वाद्यवृंदाने तर २००३ पासून ब्लूजलाच वाहून घेतले आहे.

या मुलांचा सराव चालतो तो आमच्या स्नेह्यांच्या गच्चीवरील खोलीत, आणि गच्ची होती पारव्यांची. मुलाच्या आजी गेली कित्येक वर्षे रोज सकाळी सात वाजता तेथे ज्वारी टाकत. मुलगा लहानपणापासून त्यांच्याबरोबर वर जाई. कोणत्या जोडप्याचे घरटे पाण्याच्या टाकीमागे आहे, कोणाचा पाय दोऱ्याने कापला आहे, सारे त्याला ठाऊक. पारवा चोच पाण्यात बुडवून, मान वर न करता पाणी ओढून पितो आणि नर-मादी दोघेही आपल्या गळ्यातील पिशवीत तयार होणारे दुधासारखे द्रव्य पिलांना भरवतात, हे मला त्यानेच दाखवले आणि सांगितले.

हार्मोनिका वाजू लागली की पारवे कठड्यावर स्वस्थ बसतात आणि ढोल वाजला की उडतात, असाही त्याचा दावा आहे. ढोलाने कोणीही उडेल, हे मी त्याला सांगितले. तरीही पारव्याच्या कानांची थट्टा करण्याचे कारण नाही. १९८४ मध्ये पोर्टर आणि न्यूरिंगर या दोन अमेरिकी संशोधकांनी काही पारव्यांना बाखचे संगीत लागल्यावर एका चकतीवर आणि स्ट्राव्हिन्स्कीचे लागल्यावर दुसऱ्या चकतीवर चोच मारण्यास शिकवले होते. २००१ मध्ये एव्हा चेस या संशोधिकेने कोई जातीच्या माशांना ब्लूज आणि अभिजात पाश्चात्त्य संगीत यांतील फरक ओळखायला लावला. आणि ज्यांना संगीताशी कर्तव्य नाही अशा व्यापारी वाचकांसाठी एवढेच, की १८५० मध्ये ब्रुसेल्स आणि आखेन यांच्या दरम्यान तारेची सोय नव्हती, तेव्हा पॉल ज्यूलियस रॉयटर यांनी बाजारभाव पोचवले ते पारव्यांकरवी.

गेल्या पावसाळ्यात आजींना कोरडा खोकला सुरू झाला. काढे झाले, गोळ्या झाल्या. नंतर जिना चढताना धाप लागू लागली. छातीच्या डॉक्टरांनी तपासण्यापूर्वीच विचारले, “घरी पारवे येतात का?” पारव्यांची विष्ठा वाळून तिची धूळ होते, पिसांचे सूक्ष्म कण उडतात, काहींच्या फुप्फुसांना त्यांचे वावडे असते आणि संपर्क वर्षानुवर्षे चालू राहिला तर फुप्फुसाला कायमचे व्रण पडून ते ताठर होत जाते. या आजाराला ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ म्हणतात. औषधे आहेत, परंतु पहिला उपाय संपर्क तोडण्याचा.

मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचा आदेश २०२५ च्या जुलैमध्ये निघाला. ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, जमावाने ती ताडपत्री फाडली आणि प्रकरण न्यायालयातही गेले. त्या दिवसांत आपल्या घरोघरी काय बोलले जात होते ते वाचकांना ठाऊक आहे. आजीही तेच बोलल्या : “मुके जीव उपाशी मरतील, त्याचे पाप कोणाला?” घरात त्यांना उत्तर देण्याचे धैर्य कोणाला होईना. दिले ते नातवाने, ज्याला त्या पारव्यांचा सर्वांत अधिक लळा होता.

“आजी, ते अन्नासाठी कोसभर उडतात. आपण आयते देतो म्हणून बाराही महिने अंडी घालतात, आणि त्यांतली किती पिले टाकीमागे मरतात ती मीच उचलतो.”

त्याने एका दिवसात दाणे बंद केले नाहीत. नाकातोंडावर मास्क बांधून स्वतः गच्चीवर जाई आणि ज्वारी दर आठवड्याला थोडी थोडी कमी करी. विष्ठा झाडण्यापूर्वी पाणी मारून भिजवी, म्हणजे धूळ उडू नये. टाकीमागच्या घरट्यातील पिले उडून गेल्यावरच त्याने तेथे जाळी बसवली. करुणा म्हणजे पोते रिकामे करणे, ही समजूत मला कधीच पटलेली नाही. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय आहे. तेथे पंख मोडलेल्या पारव्याला पट्टी बांधली जाते, पिंजरा धुतला जातो, आणि बरा झाला की त्याला सोडून देतात. एका गच्चीवरच्या ज्वारीचा वर्षाचा खर्च अशा कामाला दिला तर कोणाचे काय कमी होईल?

संक्रांतीला मांज्याने जखमी होणाऱ्या पक्ष्यांसाठी या मुलांनी यंदा एक गिग केला. भर दुपारी, एका शाळेच्या सभागृहात. चहाखेरीज काही नव्हते. वडील आले आणि शेवटच्या रांगेत बसले. घरी आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, की तो गाणारा मुलगा प्रत्येक ओळ दोनदा का म्हणतो. मुलाने गिटार काढून त्यांना बारा खंड मोजून दाखवले. वडिलांचा हिशेब पक्का. दुसऱ्या फेऱ्यात त्यांनी सम बरोबर पकडली.

आजींचा खोकला आता पुष्कळ कमी आहे. त्या गच्चीवर जात नाहीत. सकाळी सात वाजता खिडकीची काच लावून बसतात आणि कठड्यावर किती आले ते मोजतात. पूर्वी साठ-सत्तर असत. परवा मी गेलो तेव्हा अकरा होते.