समुद्राला मिळणारं पाणी वाया जातं?

पाण्याचा प्रश्न निघाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं. कोकणातलं पाणी समुद्रात वाया जातं, ते वळवून घाटावर आणा. सगळ्याच पक्षांचे नेते हे बोलतात आणि ऐकणारे माना डोलावतात. मराठवाड्याची तहान खोटी नाही. टँकरमागे धावणाऱ्या बायांना पाणी मिळालंच पाहिजे. माझा आक्षेप आहे तो ‘वाया’ या शब्दाला.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मीही हे वाक्य आमच्या खाडीकाठच्या एका वयस्कर दालदी मच्छीमाराला ऐकवलं. “चाचा, एवढं पाणी फुकट जातं ना?” ते जाळं दुरुस्त करत होते. मान वर न करता म्हणाले, “फुकट कसं? मग जिताडा कशावर वाढतो?”

त्यानंतर मी जिताड्याविषयी वाचत गेलो. हा मासा अंडी घालतो नदीच्या मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात. पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात, कांदळवनात आणि उथळ चिखलात वाढतात, आणि पुढे गोड्या पाण्यापर्यंत वर जातात. वयात आली की अंड्यांसाठी पुन्हा मुखाकडे उतरतात. जिताडा आधी बहुधा नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे साहेबाला भेट द्यायला जो भला मोठा जिताडा शोधला जातो, ती बहुतेक वेळा मादीच असते.

पांढऱ्या कोळंबीचं उलट आहे. तिचा जन्म समुद्रात, बालपण खाडीत आणि मोठी झाली की पुन्हा समुद्रात. बोय, शिंगाळा, चिंबोरी, निवटे यांचंही जगणं खाडीशी बांधलेलं आहे. या सगळ्यांना पाणी ना पूर्ण गोडं लागतं, ना पूर्ण खारं. ऋतूप्रमाणे बदलणारं मचूळ पाणी लागतं, आणि नदीने आणलेला गाळ लागतो. 1 जून ते 31 जुलै आपण यांत्रिक नौकांची मासेमारी बंद ठेवतो, ते योग्यच आहे. पण पिल्लं वाढण्याची जागाच आटली तर बंदीने वाचवायचं काय?

नदी समुद्रापर्यंत पोचली नाही तर काय होतं, ते सिंधमध्ये दिसतं. उल्हासनगरच्या सिंधी घरांत झुलेलाल ज्या माशावर बसलेले दिसतात तो पल्ला. तो समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला सिंधू नदीत वर चढतो. पूर्वी तो थेट मुलतानपर्यंत जात असे. 1932 मध्ये सक्करचा बंधारा झाला, 1955 मध्ये कोट्रीचा, आणि त्याची वाट तिथेच अडली. कोट्रीच्या खाली वर्षातले बरेच महिने नदीत पाणी नावालाच असतं. समुद्र आत सरकला, शेतं खारावली, कांदळवनं कमी झाली आणि मच्छीमार कुटुंबांना घरंदारं सोडावी लागली. पाणी ‘वाचवलं’ त्याची ही किंमत.

चूक दुसऱ्या बाजूनेही होते. कोयनेचं वर्षाला 67.5 टीएमसीपर्यंत पाणी वीज करून पश्चिमेला सोडायची मुभा आहे, आणि ते वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला मिळतं. इतर खाड्या जेव्हा खाऱ्या होत जातात, त्या कोरड्या दिवसांतही इथे गोडं पाणी येत राहतं. म्हणजे पाणी किती यावं आणि केव्हा यावं, दोन्हीला महत्त्व आहे. हे ठरवताना माशांचा आणि मच्छीमारांचा विचार कुठे झाला?

आमच्याकडे लहानपणी वुजू करताना नळ जोरात सोडला की मोठी माणसं ओरडायची. वाहत्या नदीकाठी बसला असलात तरी गरजेपेक्षा जास्त पाणी घेऊ नका, ही पैगंबरांची शिकवण ते सांगत. उधळपट्टीला शब्द आहे इसराफ. मला वाटतं, नदीने समुद्राला दिलेलं पाणी इसराफ नाही. इसराफ आहे ते दुष्काळी भागात उसाला पाटाने सोडलेलं पाणी. आधी तो हिशेब मांडा, मग कोकणाकडे बोट दाखवा.

पाणी वळवूच नका, असं मी म्हणत नाही. पण वळवण्याआधी खाडीचा वाटा ठरवा, महिन्यानिहाय ठरवा आणि तो कागदावर लिहा. तो ठरवताना कोळी, भोई आणि दालदी माणसांना बैठकीत बसवा. खाडीत कोणत्या महिन्यात पाणी कसं असतं, हे त्यांना पाण्याच्या चवीवरून कळतं. प्रकल्पाच्या अहवालात मात्र त्यांचं पाणी ‘अतिरिक्त’ म्हणून लिहिलं जातं, आणि ते कुणासाठी अतिरिक्त आहे, हे त्यांना कुणी विचारत नाही.